तारण, ताबा, लिलाव



ज्या वकीलसाहेबांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या ऑफिसात पक्षकार बाकावर टेकला की पहिला प्रश्न ठरलेला असे : ‘कागद कुठं आहे?’ माणूस रडत असो की चिडलेला असो, आधी कागद. आजचा विषय त्याच कागदांचा आहे. कर्ज थकल्यावर घर, दुकान, प्लॉट किंवा शेत माणसाच्या हातातून कायद्याने कसं जातं, हे मला तुमच्यापुढे उलगडायचं आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात मालमत्ता लिलावाच्या दिवशी जात नाही. ती त्याआधीच गेलेली असते. आलेल्या नोटिशीला उत्तर दिलं नाही म्हणून जाते, नाहीतर दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात हसत-खेळत सही केली म्हणून जाते.

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरांत एक चौकट येते. ‘ताबा सूचना’ असं शीर्षक. खाली कर्जदाराचं नाव, सहकर्जदार म्हणून बहुधा बायकोचं, मग जामीनदार दोघं. मागणी सूचनेची तारीख, थकलेली रक्कम ‘अधिक त्यावरील व्याज व खर्च’, मिळकतीचं वर्णन. गट नंबर अमुक, प्लॉट नंबर तमुक, ग्रामपंचायत नमुना आठला नोंद, क्षेत्रफळ इतकं चौरस फूट. मग चतुःसीमा : पूर्वेस रस्ता, पश्चिमेस अमक्याचं घर, दक्षिणेस गल्ली, उत्तरेस शिल्लक प्लॉट. शेवटी, सर्वसामान्य जनतेने या मिळकतीचा व्यवहार करू नये असा इशारा. शेजारी ही चौकट वाचतात आणि म्हणतात, ‘गेलं बिचाऱ्याचं घर.’ खरं तर त्या दिवशी घर गेलेलं नसतं. त्या दिवसापासून एक नवी मुदत सुरू झालेली असते आणि बहुतेक वेळा ती कुणी मोजत नाही.

कुठला कायदा लागणार, हे पैसे कुणी दिले त्यावर ठरतं. बँक किंवा मोठी वित्त कंपनी असेल तर २००२ चा सरफेसी कायदा. गावची पतसंस्था असेल तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६०. सावकार असेल तर तिसरीच कहाणी, तिच्याकडे शेवटी येतो. पूर्वी बँकेलाही दिवाणी न्यायालयात गहाणाचा दावा लावावा लागे. प्राथमिक हुकूमनामा, पैसे भरायला मुदत, अंतिम हुकूमनामा, मग दरखास्त. कर्जदाराचे केस पांढरे व्हायचे, पण घर शाबूत राहायचं. सरफेसीने बँकेला न्यायालयात न जाता तारण विकण्याचा अधिकार दिला. त्या कायद्याच्या वैधतेचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये मार्डिया केमिकल्स प्रकरणात दिला. कायदा टिकला. पण दाद मागण्याआधी थकबाकीच्या ७५ टक्के रक्कम भरा, ही अट न्यायालयाने काढून टाकली. ज्याच्याकडे ७५ टक्के आहेत तो थकला असता कशाला, हे कुणालाही कळेल. संसदेला कळायला निकाल लागला.

आता सरफेसीचा क्रम नीट ऐका, कारण प्रत्येक पायरीवर कर्जदाराला काहीतरी करता येतं. हप्ता ९० दिवस थकला की खातं एनपीए, म्हणजे अनुत्पादक होतं. पीक कर्जाला हा हिशेब हंगामावर असतो. त्यानंतर कलम १३(२) ची मागणी नोटीस येते. तिच्या तारखेपासून ६० दिवसांत पूर्ण रक्कम भरा, असं तीत लिहिलेलं असतं. ‘पूर्ण’ हा शब्द पाहून माणूस गळाठतो आणि नोटीस कपाटात ठेवतो. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी कित्येक जण तर अभिमानाने सांगतात, ‘सायेब, पोस्टमन आला व्हता, पन आमी घेतलीच नाई नोटीस.’ नोटीस टाळली की ती घराच्या दारावर चिकटवतात, दोन वर्तमानपत्रांत छापतात, आणि कायद्याच्या दृष्टीने ती मिळाली असं धरलं जातं. न घेणाऱ्याला एकच फळ मिळतं : आत काय लिहिलंय ते त्याला कळत नाही.

या ६० दिवसांत कर्जदाराने लेखी हरकत द्यायची असते. भरलेले हप्ते जमेला धरले नाहीत, व्याजदर मंजुरीपत्रापेक्षा वेगळा लावला, पीकविम्याचे पैसे कर्जखात्यात वळते झाले ते दाखवलेच नाहीत, मिळकत शेतीची आहे. जे असेल ते लिहायचं, पोच घ्यायची. बँकेने १५ दिवसांत कारणांसह उत्तर देणं बंधनकारक आहे. हरकत फेटाळली म्हणून लगेच दाद मागता येत नाही, हे खरं. पण पुढे कर्ज वसुली न्यायाधिकरणात तुमच्या हातात असलेला सर्वांत भक्कम कागद तोच असतो. दुसरी एक गोष्ट. नोटीस आल्यावर घाईघाईने घर भावाच्या नाहीतर मेव्हण्याच्या नावावर करून टाकण्याचा सल्ला देणारे प्रत्येक गावात असतात. कलम १३(१३) प्रमाणे बँकेच्या लेखी संमतीशिवाय असं हस्तांतर करता येत नाही. या शहाणपणाने घर वाचत नाही, मेव्हणा मात्र अडकतो.

६० दिवस संपले की कलम १३(४) प्रमाणे ताबा. पहिला ताबा बहुधा प्रतीकात्मक असतो. कुलूप लागत नाही, फक्त दारावर कागद लागतो, आणि सात दिवसांच्या आत ती चौकट दोन वर्तमानपत्रांत येते, त्यांतलं एक स्थानिक भाषेतलं. इथून ४५ दिवसांत कलम १७ खाली कर्ज वसुली न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. त्यासाठी थकबाकीचा एक पैसाही आधी भरावा लागत नाही, फक्त अर्जाचं शुल्क. पण आपल्याला त्यासाठी नागपूर गाठावं लागतं, तीनशे किलोमीटरहून दूर. देऊळगाव राजाच्या किराणा दुकानदाराला नागपूरची एक तारीख म्हणजे दुकान बंद, गाडीभाडं, वकील आणि एका रात्रीचा मुक्काम. हा कायदा न्यायालय टाळण्यासाठी केला तेव्हा बँकेचा वेळ वाचवायचा, एवढाच विचार झाला. कर्जदाराच्या एसटीच्या तिकिटाचा विचार कुणी केला नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. न्यायाधिकरणाच्या निकालावर अपील करायचं तर मुंबईला जावं लागतं आणि तिथे मात्र निम्मी रक्कम भरावी लागते. फार तर ती २५ टक्क्यांपर्यंत खाली येते.

प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक कलम १४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते. इथे आपल्या लोकांचा मोठा गैरसमज आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने तहसीलदार आणि पोलीस दारात उभे राहिले की लोक निवेदन घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयात जातात, उपोषणाचा इशारा देतात. या कलमाखाली जिल्हाधिकारी वाद ऐकत नाहीत. बँकेचं प्रतिज्ञापत्र पुरं आहे की नाही एवढं पाहून ताब्यासाठी मदत देतात. कर्ज खरं की खोटं, व्याज जास्त की कमी, हे त्यांच्यापुढचे प्रश्नच नाहीत. दिवाणी न्यायालयाचं दारही कलम ३४ ने बंद आहे. उपोषणाच्या मंडपात गेलेले दिवस त्या ४५ दिवसांमधून वजा होतात.

मग मूल्यांकन, राखीव किंमत, कर्जदाराला ३० दिवसांची विक्रीची नोटीस आणि जाहीर लिलाव. बोली लागली की २५ टक्के रक्कम त्याच दिवशी किंवा दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी, उरलेली विक्री कायम झाल्यावर १५ दिवसांत. जुन्या वकिलांच्या डोक्यात अजून एक नियम घट्ट बसलेला आहे : विक्री पूर्ण होईपर्यंत पैसे भरून गहाण सोडवता येतं. गहाण हे कायम गहाणच, हे तत्त्व मालमत्ता हस्तांतरण कायद्यात १८८२ पासून आहे. पण सरफेसीत २०१६ ला दुरुस्ती झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये बाफना मोटर्स प्रकरणात ती स्पष्ट केली. लिलावाची जाहिरात प्रसिद्ध झाली की सोडवून घेण्याचा हक्क संपला. लिलावाच्या सकाळी नातेवाइकांकडून गोळा केलेले पैसे घेऊन बँकेत धावणारी माणसं मी पाहिली आहेत. बँकेने ते घेतले तर तिची मर्जी. हक्क म्हणून घर सोडवून मागता येत नाही.

आणि लिलावात कर्जापेक्षा जास्त रक्कम आली तर वरचे पैसे तुमचे. हिशेब मागा. कमी आली तर उरलेल्या रकमेसाठी बँक तुमच्यामागे आणि जामीनदारांमागे येते. ‘घर गेलं, कर्ज फिटलं’ असं समजून पुण्याला कामाला निघून गेलेल्या माणसाच्या मागे गावात त्याचा जामीनदार भोगत असतो.

शेतजमिनीचं काय? कलम ३१(आय) प्रमाणे शेतजमिनीवरचं तारण सरफेसीखाली विकता येत नाही. हे वाचून काहींना वाटतं, सातबाऱ्यावर ‘जिरायत’ आहे ना, मग निर्धास्त. गोव्यातल्या ब्लू कोस्ट हॉटेलच्या प्रकरणात असाच युक्तिवाद झाला. जमीन महसूल दप्तरात शेतीची, जागेवर पंचतारांकित हॉटेल! सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलं की केवळ नोंद पुरेशी नाही, प्रत्यक्ष वापर काय तो पाहायचा. तेव्हा हायवेलगतच्या शेतात अकृषक परवाना न घेता ढाबा किंवा गोडाऊन बांधून त्यावर कर्ज उचललेल्यांनी या सवलतीच्या भरवशावर राहू नये. उलट, ज्याचं खरोखर शेत आहे त्याने हे कलम पहिल्याच हरकतीत लिहिलं पाहिजे. आणखी एक तरतूद अशीच झाकून राहिली आहे : मुद्दल आणि व्याज मिळून जेवढं देणं होतं त्याच्या २० टक्क्यांपेक्षा कमी बाकी उरली असेल, तर सरफेसी लागत नाही. पंधरापैकी तेरा वर्षं इमानाने हप्ते भरून शेवटी आजारपणात थकलेल्यांसाठी ती आहे.

पण सरफेसी लागत नाही म्हणजे शेत सुटलं असं नाही. सहकारी संस्थेकडे १९६० च्या अधिनियमाचं कलम १०१ आहे. आपल्याकडे ‘एकशे एकचा दाखला’ म्हणतात तो हाच. पतसंस्था निबंधकांकडे अर्ज करते, सुनावणीची नोटीस येते, कर्जदार जात नाही, दाखला मिळतो. मग वसुली अधिकारी कलम १५६ आणि नियम १०७ खाली जप्ती करतो. तो नियम १९६१ चा आहे आणि त्याच्या अंगावर अजून जुन्या गावगाड्याचा वास आहे. विक्रीची जाहीर सूचना तालुका कार्यालयात लावायची आणि गावात दवंडी पिटायची. बोली घेणाऱ्याने १५ टक्के जागेवर भरायचे, बाकी १५ दिवसांत. विक्रीनंतरही ३० दिवसांच्या आत पूर्ण देणं आणि खरेदीदाराला विक्रीच्या रकमेच्या पाच टक्के भरले तर विक्री रद्द करून घेता येते. सरफेसीपेक्षा हे उदार आहे. बोली लावायला कुणी आलंच नाही तर कलम १०० प्रमाणे मिळकत संस्थेच्याच नावे करता येते. गावात भाऊबंदकी आणि भिडेमुळे बोलीला माणूस येत नाही, तिथे हेच घडतं.

दाखला एकदा निघाला की त्याविरुद्ध फेरतपासणीला निम्मी रक्कम भरावी लागते. म्हणून बोलायचं ते दाखला निघण्याआधी, त्या एका सुनावणीत. बुलडाणा अर्बनसारख्या, एकापेक्षा जास्त राज्यांत काम करणाऱ्या बहुराज्यीय संस्थांना १०१ लागू नाही. तिथे केंद्राच्या कायद्याखाली लवाद नेमला जातो, आणि तिथेही गैरहजर राहणाऱ्याचा निवाडा एकतर्फीच होतो. सहकारी बँकांना १०१ की सरफेसी, हा घोळ बरीच वर्षं चालला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणात घटनापीठाने मे २०२० मध्ये निकाल दिला : सहकारी बँकांनाही सरफेसी वापरता येतो. पतसंस्थांना नाही.

इथवर ऐकून कुणाला वाटेल की मी थकबाकीदारांची वकिली करतो आहे. मलकापूरला जाऊन या. मलकापूर अर्बन बँकेवर रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये निर्बंध घातले, खातेदाराला फक्त १० हजार काढता येतील असे. जुलै २०२३ मध्ये परवाना रद्द झाला. पाच लाखांपर्यंतच्या ठेवींना विम्याचं संरक्षण असतं. त्यापुढच्या रकमेची भिस्त अवसायकाच्या वसुलीवर. आपल्या जिल्हा मध्यवर्ती बँकेवर २०१४ मध्ये काय प्रसंग आला होता, तो तुम्ही सगळ्यांनी पाहिला आहे. नागपूर, वर्धा आणि बुलढाणा या तिन्ही जिल्हा बँकांना ठेवी घेण्यास मनाई झाली होती आणि केंद्र-राज्याच्या पैशावर त्या उभ्या करण्याची वेळ आली. मुलीच्या लग्नाची ठेव अडकलेल्या शिक्षकाला विचारा, वसुली व्हावी की नाही. बड्या थकबाकीदाराची वसुली कागदावर फिरत राहते आणि दोन लाखांच्या दुकान-कर्जावर वसुली अधिकारी तत्परतेने दवंडी पिटतो, हा माझा आक्षेप आहे. वसुलीला माझा आक्षेप नाही.

आता सावकारी. ब्रिटिशांनी १८५३ मध्ये वऱ्हाड ताब्यात घेतला, पुढे जमाबंदी झाली आणि जमीन विकता, गहाण टाकता येऊ लागली. त्याच सुमाराला अमेरिकेतल्या यादवीने कापसाला सोन्याचा भाव आणला. खामगावचा बाजार फुलला, १८७० मध्ये जलंबहून तिथवर रेल्वे गेली. कापसाबरोबर उधारीही वाढली आणि जमीन ही तिची जामीन झाली. तेव्हापासून आजवर पद्धत एकच. गहाणखत कुणी करत नाही. सरळ खरेदीखत होतं, नोंदणीकृत, पक्कं. ‘पैसे दिले की परत नावावर करून देतो’ हे एकतर तोंडी, नाहीतर स्टँपपेपरवर वेगळं लिहिलेलं.

ही वेगळा कागद करण्याची युक्ती कायदा कळणाऱ्या डोक्यातून आली आहे. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५८ ला १९२९ मध्ये एक परंतुक जोडलं गेलं : परत देण्याची अट खरेदीखतातच लिहिलेली नसेल, तर तो व्यवहार गहाण मानला जाणार नाही. अट वेगळ्या कागदावर गेली की कायद्याच्या लेखी ती विक्री ठरते. मग नोटीस नाही, ६० दिवस नाहीत, मूल्यांकन नाही, लिलाव नाही, वरचे पैसे परत मिळणं तर नाहीच. चार एकर काळी जमीन दीड लाखाच्या कर्जात जाते आणि फेरफाराची नोंद तलाठी बिनतक्रार घेतो, कारण कागद निर्दोष असतो.

महाराष्ट्र सावकारी नियमन अधिनियम, २०१४ ने या युक्तीवर उपाय ठेवला. त्याच्या कलम १८ खाली जिल्हा उपनिबंधक चौकशी करतात आणि खरेदी ही मुळात कर्जाचं तारण होती असं दिसलं तर ते खरेदीखत अवैध ठरवून जमीन परत देण्याचा आदेश काढू शकतात. त्यावर अमरावतीला अपील. विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. परवानाधारक सावकाराला शेतकऱ्याकडून तारणी कर्जावर वर्षाला ९ टक्के आणि विनातारणावर १२ टक्के एवढंच व्याज घेता येतं. गावात शेकडा तीन ते पाच रुपये दर महिन्याला चालतात. गुणाकार तुम्हीच करा.

कायदा असूनही तक्रार दाबली जाते, याचा देशभर गाजलेला दाखला आपल्याच जिल्ह्यातला आहे. २००६ मध्ये खामगावच्या एका शेतकऱ्याने सत्ताधारी पक्षाच्या आमदाराच्या कुटुंबाविरुद्ध सावकारीची तक्रार केली. मुख्यमंत्री विलासराव देशमुख यांच्या कार्यालयातून पोलीस ठाण्यात फोन गेला. या कुटुंबाविरुद्धची तक्रार आधी जिल्हा समितीपुढे ठेवा, सरकारी वकिलांचं मत घ्या, मगच गुन्हा नोंदवा, अशा सूचना आल्या. ठाण्याच्या डायरीत कुणा कर्मचाऱ्याने त्या फोनची नोंद केली. ती नोंद नसती तर प्रकरण उभंच राहिलं नसतं. नागपूर खंडपीठाने सरकारला २५ हजारांचा दंड केला. सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं. १४ डिसेंबर २०१० रोजी न्यायमूर्ती सिंघवी आणि न्यायमूर्ती गांगुली यांनी अपील फेटाळलं आणि २५ हजारांचे १० लाख केले. ती रक्कम गरीब शेतकऱ्यांच्या प्रकरणांसाठी राज्य विधी सेवा प्राधिकरणाकडे भरायला सांगितली. राज्याने एका शेतकऱ्याविरुद्ध अपिलाला जावं आणि चाळीसपट दंड घेऊन परतावं, असा प्रकार विरळा. मला त्यातलं मोठं काम त्या डायरी लिहिणाऱ्या पोलिसाचं वाटतं. त्याचं नाव कुणाच्या लक्षात नाही.

शेवटी थोडं कामाचं. कर्ज फिटलं की मूळ कागद परत घ्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १ डिसेंबर २०२३ पासून बँकेने ३० दिवसांत ते दिलेच पाहिजेत, उशीर झाल्यास दिवसाला ५ हजार रुपये भरपाई आहे. सातबाऱ्याच्या इतर हक्कांतला बोजा स्वतः तलाठ्याकडे जाऊन कमी करून घ्या. तो आपोआप उतरत नाही. बायकांनो, ‘फक्त फॉर्म आहे, सही कर’ असं म्हटलं की तो फॉर्म वाचल्याशिवाय सही करू नका. सहकर्जदार म्हणून तुमचं नाव ताबा सूचनेत नवऱ्याच्या बरोबरीने छापलं जातं. आणि नोटीस आली तर पोस्टमनच्या हातून घ्या, पाकिटावर तारीख लिहा, त्याच आठवड्यात बुलढाण्याच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा. वर्षाचं उत्पन्न तीन लाखांच्या आत असलेल्यांना वकील मोफत मिळतो. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट नाही. अर्ज साध्या कागदावर चालतो. सोबत नोटीस आणि कर्जाचा खातेउतारा न्यायला विसरू नका.